आठव्या लेव्हलचा उंदीर राजकन्येनं पाठवला होता

गणपती जवळ आले की घरोघरच्या ग्रुपवर ठरावीक मेसेज नव्यानं फिरायला लागतात. त्यातला एक यंदा मावशीनं आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला. तिनं तो भक्तिभावानं पाठवला, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण सातवीतल्या भाचीनं त्या मेसेजवरून सोसायटीच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी अख्खं भाषण लिहून काढलं आणि ‘मामा, जरा तपासून दे ना’ म्हणून मला पाठवलं. शुद्धलेखन उत्तम होतं. मजकूर जवळजवळ सगळा खोटा होता. आता हे मंचावरून बोललं जाणार, पालक टाळ्या वाजवणार, कुणीतरी व्हिडिओ काढून पुढे पाठवणार. म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो.

मेसेज थोडक्यात असा: ‘प्रिन्स ऑफ पर्शिया या जगप्रसिद्ध गेममध्ये राजपुत्र बंद दाराआड अडकतो तेव्हा एक उंदीर येऊन दार उघडतो. हा उंदीर म्हणजे साक्षात बाप्पाचं वाहन. तो एका भारतीय इंजिनीअरनं गेममध्ये टाकला, पण कंपनीनं त्याचं नाव पुसून टाकलं. ही घटना आठव्याच लेव्हलमध्ये घडते, कारण अष्टविनायक. राजपुत्र खाली वाकून नमस्कार करेल तेव्हाच उंदीर येतो. मूळ गोष्ट पंचतंत्रातून चोरलेली आहे. अभिमान वाटला तर पुढे पाठवा.’

यातलं सगळ्यात वाईट वाक्य इंजिनीअरचं आहे, तेच आधी घेतो. या भारतीय इंजिनीअरला मेसेजमध्ये नाव नाही, गाव नाही, कॉलेज नाही, कुठल्या साली तो तिथे होता तेही नाही. ज्याचं नाव पुसलं गेलं म्हणून आपण हळहळायचं, त्याचं नाव मेसेज लिहिणाऱ्यालाही माहीत नाही. आणि ज्याचं काम त्याच्या नावावर चढवलं जातंय तो माणूस खराखुरा आहे, हयात आहे, आणि आपण काय केलं ते त्यानं दिवसवार लिहून ठेवलंय.

त्याचं नाव जॉर्डन मेकनर. जन्म 1964, न्यूयॉर्क. येल विद्यापीठात शिकत असतानाच त्यानं ‘कराटेका’ हा गेम केला, तो 1984 साली आला. त्यानंतर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’वर काही वर्षं घालवून 1989 मध्ये ॲपल टू या संगणकावर तो पूर्ण केला. प्रकाशक ब्रॉडरबंड, कॅलिफोर्नियातली कंपनी. आपल्याकडच्या क्लासमध्ये आणि शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये आपण जो खेळलो तो पुढच्या वर्षी आलेला डॉसवरचा, म्हणजे तेव्हाच्या साध्या पीसीवरचा अवतार. ॲपल टूवरचा मूळ प्रोग्रॅम मेकनरनं जवळजवळ एकट्यानं लिहिला. संगीत त्याच्या वडिलांचं, फ्रान्सिस मेकनर यांचं. राजपुत्राचं धावणं, उडी मारणं, कड्याला लटकणं इतकं जिवंत का वाटतं? कारण मेकनरनं 1985 मध्ये आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून धावायला-उड्या मारायला लावलं, त्याचा व्हिडिओ काढला आणि त्यावरून एकेक चित्र उतरवलं. तलवारबाजीसाठी 1938 सालच्या रॉबिन हूडच्या चित्रपटातलं द्वंद्व असंच चित्राचित्रानं पाहिलं. हे सगळं त्याच्या त्या काळच्या रोजनिशीत आहे आणि ती रोजनिशी पुस्तकरूपानं छापलेली आहे. गेम सुरू करा: कंपनीच्या नावापाठोपाठ ‘जॉर्डन मेकनर यांचा गेम’ अशी अक्षरं येतात. वर्षानुवर्षं आपण ती पाहिली आणि एंटर दाबून पुढे गेलो.

आणि एवढ्यानं भागत नसेल तर सगळ्यात मोठा पुरावा पुढे आहे. मूळ प्रोग्रॅमच्या फ्लॉपी हरवल्या असं मेकनर बरीच वर्षं धरून चालला होता. 2012 मध्ये त्या त्याच्या वडिलांच्या घरी एका खोक्यात सापडल्या. जुन्या फ्लॉपीवरचा मजकूर वाचता येणाऱ्या जाणकारांना बोलावून तो उतरवून घेतला गेला, आणि मेकनरनं सगळा प्रोग्रॅम गिटहबवर, म्हणजे प्रोग्रॅम ठेवायच्या वेबसाइटवर, खुला केला. जगातल्या कुणालाही तो वाचता येतो. उंदीरही त्यातच आहे. पात्रांना क्रमांक आहेत, उंदराचा क्रमांक 24. त्याची चित्रं सगळी मिळून तीन: दोन धावायची, एक मागच्या पायांवर उभं राहायची. नाव पुसल्याचा आरोप करणाऱ्यानं हा खुला कागद उघडून पाहायची तसदी घेतली नाही, आणि मुलांच्या तोंडी मात्र ‘चोरी’ हा शब्द दिला.

मुलांना परक्या माणसाच्या मेहनतीवर आपलं नाव टाकायला शिकवणं मला सहन होत नाही. त्यात देवाचं नाव पुढे केलं की घरातलं कुणी विचारतही नाही. हा या मेसेजचा खरा अपाय आहे.

यात एक धागा खरा आहे, तो मान्य करतो. 2020 मध्ये ‘द सँड्स ऑफ टाइम’ या गेमची नवी आवृत्ती जाहीर झाली, तेव्हा ती युबिसॉफ्ट या गेम कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओत बनत होती. 2022 मध्ये ते काम माँट्रियलला गेलं. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया पुण्यात बनतोय’ ही तेव्हाची बातमी खरी होती आणि ती वाचून अनेकांना आनंद झाला होता, मलाही. पण ‘द सँड्स ऑफ टाइम’ मुळात 2003 सालचा, वेगळ्या गोष्टीचा, वेगळ्या घडणीचा गेम. त्या बातमीचा 1989 च्या उंदराशी काडीचाही संबंध नाही.

आता ‘बाप्पाचं वाहन’. उंदीर कुणाचा आहे हे गेम स्वतःच दाखवतो. सुलतान लढाईवर गेलाय, वजीर जाफरनं सत्ता बळकावलीय, राजकन्येला विचार करायला एक तास दिलाय आणि राजपुत्र तळघरात कोंडलेला. हा एक तासच आपल्याला खेळायला मिळतो. लेव्हलांच्या मध्ये राजकन्येच्या खोलीची छोटी दृश्यं येतात. आठवी सुरू होण्याआधीच्या दृश्यात ती जमिनीवर बसलेली असते, तिच्याजवळ एक पांढरा उंदीर असतो, तो उठतो आणि निघून जातो. नववीच्या आधीच्या दृश्यात तो परत तिच्याकडे येतो. मधल्या आठवीत तो राजपुत्रापाशी पोचतो. ज्यानं ही दोन दृश्यं आणि मधली लेव्हल सलग पाहिली त्याला कुणी समजावून सांगायला लागत नाही. तिनं त्याला पाठवलं. अख्ख्या गेममध्ये खोलीबाहेर पाऊल न टाकू शकणारी ती मुलगी एवढी एकच गोष्ट करू शकते, आणि ती करते. मेसेजनं तिचं हे कामही काढून घेतलं.

आपल्यापैकी पुष्कळांनी ही दृश्यं पाहिलीच नाहीत हेही खरं. लॅबमध्ये अर्ध्या तासाची पाळी असायची. कुणीतरी दादा ‘प्रिन्स मेगाहिट’ हा चोरवाटेचा शब्द टाइप करून गेम सुरू करून द्यायचा आणि शिफ्ट-एल दाबून लेव्हली ओलांडल्या जायच्या. उंदीर तेवढा आठवतो, त्याच्या मागचं-पुढचं निसटतं, आणि अशा निसटलेल्या जागी कुणीही काहीही भरू शकतं.

खरी गंमत समजायला सहाव्या लेव्हलपासून पाहावं लागतं. चौथीत राजपुत्र आरशातून आरपार उडी मारतो आणि त्याची सावली सुटून बाहेर पडते. पाचवीत ती सावली त्याच्या डोळ्यांदेखत औषधाची बाटली पिऊन टाकते. सहावीत राजपुत्र दरीवरून गेटकडे झेपावतो तेव्हा तीच सावली जमिनीतली कळीची फरशी दाबते, गेट खाली येतं आणि तो कोसळतो. म्हणजे त्या क्षणापर्यंत, या जगात आपल्याशिवाय दुसरं कुणी फरशी दाबतं ते आपला घात करण्यासाठी, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मग आठवी येते. बाहेर जायचं दार उघडतं, पण राजपुत्र मागे बंद झालेल्या गेटाआड अडकतो. तिथे दाबायला काही नाही, चढायला काही नाही. घड्याळ चालू आहे. उजव्या कडेनं एक पांढरा ठिपका धावत येतो, फरशीवर पोचतो, मागच्या पायांवर उभा राहतो आणि वळून आला तसा निघून जातो. गेट वर जातं. ज्या यंत्रानं सहावीत घात केला त्याच यंत्रानं आठवीत सुटका होते. हे बसवायला डोकं लागतं, आणि ते डोकं ज्याचं आहे त्यालाच त्याचं श्रेय मिळायला हवं.

‘खाली वाकून नमस्कार केला तरच येतो’ या वाक्यावर भाचीनं भाषणाचा शेवट बांधला होता, म्हणून तेही पाहू. डॉसवरचा गेम उलगडून जाणकारांनी त्याची एक खुली आवृत्ती तयार केली आहे, आजच्या संगणकावर चालणारी. तिच्यात उंदराची अट अगदी साधी लिहिलेली आहे. लेव्हल आठवी हवी, खोली 16 वी हवी, बाहेरचं दार उघडलेलं हवं. एवढं असलं की एक आकडा दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या दर नव्या चित्राला, एकानं वाढत जातो आणि 150 झाला की उंदीर निघतो. गेम सेकंदाला साधारण 12 फ्रेमनं चालतो, म्हणजे जेमतेम 12-13 सेकंद. राजपुत्र उभा आहे, वाकलाय की भिंतीवर आपटतोय, हे कुणी तपासत नाही. उंदराची जागाही आकड्यांत आहे: आडव्या मापावर 200 पाशी तो उगवतो, 166 च्या अलीकडे आला की उभा राहून माघारी वळतो, परत 200 पार झाला की नाहीसा होतो.

मग वाकण्याची समजूत आली कुठून, ते सहज कळतं. अडकलेला मुलगा हाताला येईल ते बटण दाबत राहतो. खालचा बाणही दाबतो. तेवढ्यात 12 सेकंद भरतात, उंदीर येतो, आणि मुलगा शेजारच्याला सांगतो की वाकलं की येतो. ज्याला शंका असेल त्यानं त्या खोलीत कीबोर्डवरून हात काढून बसावं. उंदीर येईल.

अष्टविनायकाबद्दल फार लिहिणार नाही. तिसऱ्या लेव्हलमध्ये हाडांचा सापळा उठून लढतो, चौथीत आरसा, बाराव्या लेव्हलमध्ये सावलीशी गाठ. कुठल्याही आकड्याला कुठलीतरी पवित्र संख्या चिकटवता येते. आठ विनायकांना अशा आधाराची गरज नाही.

राहता राहिलं पंचतंत्र. इथे मेसेज अर्धा बरोबर आहे आणि तो तसा आहे हे मला नाइलाजानं लिहावं लागतंय. छोट्याशा उंदरानं मोठ्यांची सुटका करायची ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. पंचतंत्राच्या मित्रसंप्राप्ती या भागात जाळ्यात सापडलेले कबुतर जाळं घेऊनच उडतात, त्यांचा राजा चित्रग्रीव त्यांना हिरण्यक उंदराकडे नेतो, आणि हिरण्यक आपला मित्र म्हणून आधी चित्रग्रीवाचे पाश तोडायला जातो तेव्हा चित्रग्रीवच त्याला अडवतो: आधी माझ्या सोबत्यांचे तोड. पंचतंत्र खरोखरच इराणात पोचलं होतं. सहाव्या शतकात इराणचा राजा खुस्रो अनुशिरवानच्या काळी बुर्झोयनं ते पहलवीत, म्हणजे तेव्हाच्या फारसीत, नेलं आणि आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फानं ‘कलीला व दिम्ना’ म्हणून अरबीत. तेव्हा पर्शियाच्या गोष्टीत उंदीर दिसला की आपल्याला हिरण्यक आठवावा हे अगदी साहजिक आहे.

पण आठवणं वेगळं आणि चोरी ठरवणं वेगळं. इसापाचा सिंह आणि उंदीरही युरोप-अमेरिकेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतो, मग मेकनरनं कुठून घेतलं हे मेसेज लिहिणाऱ्याला कसं कळलं? मेकनरसमोर अरबी सुरस कथांचं जग होतं हे त्यानं स्वतः उघड सांगितलंय, लपवलेलं काही नाही. आणि दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहा. हिरण्यक मैत्रीला जागतो, बोलतो, वाद घालतो आणि दातांनी पाश कुरतडतो. मेकनरचा उंदीर काही कुरतडत नाही, बोलत नाही, राजपुत्राला ओळखतही नाही. तो राजकन्येच्या सांगण्यावरून येतो आणि एका फरशीवर चढतो. ती फरशी दाबली की गेट उघडतं, हा नियम खेळणारा पहिल्या लेव्हलमध्ये स्वतःच्या पायांनी शिकलेला असतो. त्या नियमावाचून हा उंदीर कुणालाच सोडवू शकला नसता, आणि तो नियम पंचतंत्रात नाही, इसापात नाही, मेकनरच्या गेममध्ये आहे.