२४ इंची प्रिंटर घ्याच म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

बडोद्यात घरून ड्रॉइंग, डिझाइन, फोटोची कामं करणाऱ्या आपल्या मंडळींच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड पुन्हा पुन्हा येतोय. मजकूर साधारण असा: “प्लॉटिंगवाल्याचे खिसे भरू नका. २४ इंची कलर मशीन घ्या, वर्षात पैसे वसूल. ए-फोरपासून ए-झीरोपर्यंत सगळं घरी निघतं. घेताना डीपीआय आणि रंग किती ते बघा, बाकी काही विचारू नका. वापर नसेल तेव्हा भिंतीवरचं बटण बंद ठेवा, शाई वाचते. शाई कुठलीही चालते. लेझर मात्र घरात आणू नका.” हे वाचून ओळखीतले काही जण मशीन बघायलाही निघालेत, म्हणून एकेक विधान तपासून घेते.

ए-झीरोचं विधान फूटपट्टीपुढेच टिकत नाही. २४ इंची म्हणजे जास्तीत जास्त २४ इंच, म्हणजे ६१० मिलिमीटर रुंद कागद घेणारं मशीन. ए-वन कागदाची अरुंद बाजू ५९४, म्हणून तो बसतो. ए-झीरोची अरुंद बाजूच ८४१ आहे. त्याला ३६ इंची मशीन लागतं. २४ इंचीवर ए-झीरो काढायचा तर दोन तुकडे काढून चिकटवत बसा. खालच्या टोकालाही गोची आहे. काही मशीनना कागदाच्या रोलखेरीज सुट्या कागदाचा ट्रे असतो, काहींना नसतो, आणि नसेल तर साधं बिल छापायलाही दुसरा प्रिंटर ठेवावा लागतो. शिवाय २४ इंची म्हटलं तरी मशीन जवळजवळ मीटरभर रुंद असतं आणि पुढे कागद उतरायला तेवढीच मोकळी जागा हवी. दांडिया बाजारातल्या जुन्या घराच्या जिन्याने ते वर कसं चढवणार, हे आधी बघा. तळमजल्यावरच ठेवू म्हणणाऱ्यांना २०२४ च्या ऑगस्टमधल्या विश्वामित्री नदीच्या पुराची आठवण मी करून द्यायला नको.

आता “वर्षात वसूल”. हिशेबासाठी गोल आकडे धरू. समजा मशीन सगळं मिळून लाखाला पडलं, बाहेर रंगीत ए-वन शंभराला निघतो आणि घरी कागद-शाई धरून तीसला. म्हणजे एका प्रिंटमागे सत्तर रुपये वाचले. लाख वसूल व्हायला सुमारे १,४३० प्रिंट हवेत. वर्षात करायचं तर महिन्याला १२० च्या आसपास, सुट्ट्या सोडून रोज जवळजवळ पाच. तुमचे आकडे घालून बघा. महिन्याला दहा-पंधरा ए-वन काढणाऱ्याचं मशीन वसूल व्हायच्या आत जुनं होतं. या हिशेबात हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, साफ करण्यात गेलेली शाई, फुकट गेलेले प्रिंट, वीज यांतलं काहीच धरलेलं नाही.

अशांसाठी मधला रस्ता आहे, आणि तो फॉरवर्डमध्ये नेमका गाळलाय. ए-वन ड्रॉइंग ए-थ्रीवर काढलं की ते बरोबर अर्ध्या मापात येतं. १:५० प्रमाणाचं १:१०० होतं आणि साधी पट्टी लावून वाचता येतं. चुका शोधायला, क्लायंटपुढे ठेवायला एवढं भरपूर होतं. म्हणून घरात ए-थ्री प्लस, म्हणजे ३२९ बाय ४८३ मिलिमीटरपर्यंतचं मशीन ठेवायचं आणि शेवटचा ए-वन बाहेरून काढून आणायचा.

डीपीआयवर, म्हणजे इंचाला किती थेंब यावर, फार वेळ घालवत नाही. डब्यावरचा ५७६० हा आकडा शाईचे थेंब किती जवळ टाकता येतात ते सांगतो. तुमच्या फोटोत मुळात किती माहिती आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही. क्लायंट व्हॉट्सॲपवर पाठवतो तो फोटो बहुतेक वेळा लांब बाजूला १,६०० पिक्सेलच्या आसपास असतो. तो ए-वनवर ताणला की इंचाला ४८ पिक्सेल उरतात. अशा फोटोला कुठलंच मशीन वाचवू शकत नाही. मूळ फाइल मागवा.

रंगांच्या संख्येत थोडं तथ्य आहे, पण तेही अर्धवट. सहा रंगांच्या मशीनमध्ये जादाचे दोन बहुधा फिका निळा आणि फिका मॅजेंटा असतात. चेहऱ्याची कांती, संध्याकाळचं आकाश अशा हलक्या छटांत थेंबांचे दाणे दिसू नयेत, एवढ्यासाठी ते असतात. फत्तेसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं पाहिलेल्यांनी घरातल्या जुन्या ओलिओग्राफकडे, म्हणजे त्या चित्रांच्या छापील रंगीत प्रतीकडे, भिंग लावून बघावं. १८९४ मध्ये सुरू झालेल्या त्याच्या छापखान्यात दर रंगाला वेगळा दगड लागायचा, आणि कातडीची कांती जमवायला एकावर एक बरेच दगड चढायचे. अडचण तेव्हाही तीच होती. पण तुमचं काम भिंतीच्या रेषा, फर्निचरचे लेआउट, तक्ते असं असेल तर फिक्या शाया नुसत्या साफसफाईत संपतील.

खरं विचारायचं ते शाई कोणती: डाय (विरघळलेला रंग) की पिगमेंट (रंगाचे बारीक कण). एपसनचंच उदाहरण घ्या. एल १८०० मध्ये सहा रंग, सगळे डाय. एल १५१५० मध्ये चारच, पण सगळे पिगमेंट. दोन्ही ए-थ्री प्लस. डाय शाई ग्लॉसी कागदाच्या थरात मुरते, म्हणून फोटो झळाळतो. पिगमेंटचे कण वर बसतात, त्यामुळे ग्लॉसीवर तिरक्या उजेडात काळा भाग जरा वेगळाच चमकतो, आणि ओरखडाही लवकर उठतो. उलट साध्या कागदावर पिगमेंटची रेषा धारदार येते, पाण्याला दाद देत नाही, उन्हातही जास्त टिकते. साइटवर जाणाऱ्या ड्रॉइंगची परीक्षा सोपी आहे: एका रंगीत रेषेवर पाण्याचा थेंब ठेवा आणि मिनिटभराने बोटाने पुसा. साध्या कागदावरच्या डाय शाईत मॅजेंटा पसरतो आणि लाल पाइपलाइनच्या कडेने गुलाबी डाग पडतो. जुलैत गवंड्याच्या ओल्या हातात असा कागद द्यायचा म्हणजे उद्या फोन आलाच. त्या दिवसांत रोलही प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवा. दमट हवेत कागद लाटांसारखा उचलतो आणि हेड त्याला घासतं.

सगळ्यात नुकसान करणारं वाक्य बटणाचं. प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबलं की हेड बाजूला जाऊन रबरी टोपीवर बसतं आणि नोझल, म्हणजे शाईची बारीक छिद्रं, झाकले जातात. काम चालू असताना भिंतीवरून वीज तोडली तर हेड मध्येच उघडं राहू शकतं, आणि मे महिन्यात चाळिशीच्या पुढच्या कोरड्या उन्हाळ्यात उघड्या नोझलमधली शाई वाळायला वेळ लागत नाही. पुन्हा चालू केल्यावर बरीच मशीन आधी सफाई करतात; ती शाई कागदावर न येता आतल्या पॅडमध्ये किंवा मेंटेनन्स बॉक्समध्ये जाते. म्हणजे शाई वाचवायला केलेला उपाय शाईच पितो. बटण मशीनचं वापरा आणि आठवड्यातून एकदा नोझल चेक, म्हणजे छिद्रं तपासायचा छोटा नमुना प्रिंट, काढा. त्यात लागणारी शाई नगण्य असते.

“शाई कुठलीही चालते” यात एवढंच खरं की वॉरंटी संपलेल्या मशीनवर, कच्च्या प्रिंटसाठी, चांगल्या कंपनीची कॉम्पॅटिबल शाई चालून जाते. पण त्याच मशीनसाठी बनवलेली हवी. पिगमेंटच्या टाकीत डाय ओतली की हेड अडकायचा धोका घेतलात, आणि त्या शाईसाठी जुळवलेलं रंगांचं प्रोफाइलही कामातून गेलं. एपसनच्या या मशीनमध्ये हेड पक्कं बसवलेलं असतं, बदलायचं बिल ऐकून लोक नवा प्रिंटरच घेतात.

राहिलं लेझर. महिन्यातून दोनदा छापणाऱ्याला ए-थ्री कलर लेझरच सोयीचं, कारण त्यातला टोनर म्हणजे कोरडी पूड, ती वाळत नाही. त्याच्या खऱ्या अडचणी वेगळ्या: कागद तापवताना ते किलोवॅटच्या घरात वीज ओढतं, त्यामुळे घरच्या यूपीएसवर लावू नका; आणि इंकजेटचा ग्लॉसी कागद त्यात चुकूनही घालू नका, त्याचा थर वितळून तापलेल्या रोलरला चिकटतो.

रोज पाच-सात ए-वन निघणाऱ्यांनी २४ इंची जरूर घ्यावं. डेमोला जाताना आपली फाइल आणि आपला कागद घेऊन जा, कंपनीचा मोराचा फोटो कुठल्याही मशीनवर छानच येतो. आणि हेड व मेंटेनन्स बॉक्स बडोद्यात मिळतात की दर वेळी अहमदाबादहून मागवावे लागतात, हे दुकानदाराकडून बिलाआधी लिहून घ्या.