रुळणे, रूळ आणि ‘पाडलेली’ व्युत्पत्ती

नमस्कार.

‘रुळणे’वरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “हा शब्द सरळसरळ रेल्वेच्या रुळावरून आला. घरबसल्या व्युत्पत्त्या पाडणं बंद करा.”

आधी चूक कबूल करतो. शीर्षकात मी ‘रूळणे’ असं दीर्घ लिहिलं होतं. रूळ दीर्घ, रुळणे ऱ्हस्व. दुरुस्त केलंय, आभार.

आता ते ‘पाडणं’. जिलब्या पाडतात, फार तर कविता पाडतात. मी सव्वीस वर्षं मुद्रितं तपासली आहेत, तीही छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायचे त्या जमान्यापासून. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. पहिला महिनाभर ते वाचताना डोकं गरगरायचं. आमचे फोरमन म्हणायचे, “रुळेल डोळा.” आणि खरंच रुळला. त्यांच्या मनात आगगाडी नव्हती हो! हे घरबसल्या शिकता येत नाही, एवढंच सांगायचंय.

बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली १६ एप्रिल १८५३ रोजी. तुकोबा सतराव्या शतकातले. त्यांनी विठ्ठलाचं वर्णन करताना ‘रुळे माळ कंठी वैजयंती’ म्हटलंय. ती माळ कुठल्या फलाटावर रुळत होती, तेवढं कळवा. माळ अंगावर सैल पडते, हलते, अंगाचीच होऊन जाते. केस खांद्यावर रुळतात. पावलांनी वाट रुळते. माणूस नव्या जागी रुळतो तो असाच, हळूहळू, टोचणं कमी होत होत. ‘रुळावर येणे’ वेगळं. त्यासाठी आधी घसरावं लागतं. नवी सून घरात रुळते, ती काय घसरून आलेली असते? (अशी समजूत असणारी घरं आहेत, पण तो विषय निराळा.)

‘माळेपासून सवयीपर्यंत अर्थ आला याला पुरावा काय’ हे तुम्ही विचारलंय. लेख सावकाश वाचलात तर विचारावं लागणार नाही. ‘सरावणे’ आणि ‘रुळणे’ यांत फरकच नाही म्हणता, तर नसू दे. सराव करून सरावतात, रुळायला नुसतं राहावं लागतं. पण ज्याला कान नाही त्याला किती सांगायचं.

शेवटी ‘राग मानू नये’ असं लिहिलंत. मानलाय.