रंग गेला, पण विष गेलं का?

बेळगावच्या कॉलेजांत रसायनशास्त्र शिकणाऱ्या पोरांसाठी आणि त्यांच्या सरांसाठी हे लिहितोय. शहापूर-वडगावच्या मागांच्या खडखडाटात वाढलोय, तेवढ्या हक्काने.

रंगाचं सांडपाणी उन्हात स्वच्छ करायचे तुमचे प्रोजेक्ट आणि त्यांची पोस्टरं, त्यांच्याबद्दल आहे हे. मिथिलीन ब्लू या रंगाचं निळं पाणी, त्यात चिमूटभर झिंक ऑक्साइडची नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म कणांची पूड, ढवळत उन्हात ठेवायचं. बघता बघता निळाई उडते. विज्ञान पक्कं आहे. प्रकाशाने ऑक्साइडमधले इलेक्ट्रॉन उसळतात, पाणी आणि ऑक्सिजनपासून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे फार चपळ कण बनतात, ते रंगाचा रेणू तोडतात. पण रेणूचा रंग देणारा भाग बहुतेक वेळा आधी तुटतो, आणि माझं भांडण तिथेच आहे. सुताला लावायचे कितीतरी रंग अझो जातीचे, म्हणजे दोन नायट्रोजन दुहेरी बंधाने जोडलेले. तो बंध तुटला की पाणी स्वच्छ दिसतं, तरी अर्धवट तुटलेले तुकडे त्यात राहू शकतात, आणि काही मूळ रंगापेक्षाही घातक असतात. म्हणून पोस्टरवर नुसती रंग गेल्याची टक्केवारी नको. सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण जाळायला लागणारा ऑक्सिजन, किती उतरला? टीओसी, म्हणजे पाण्यात उरलेला एकूण सेंद्रिय कार्बन, किती? त्या पाण्यात मूग भिजवून मोड येतात का, एवढं तर घरीसुद्धा बघता येतं.

आमच्या घरामागच्या गटारात आज जांभळं पाणी, उद्या हिरवं. काठावरचा गाळ खरवडला तर नखात रंग बसतो, साबणाने जात नाही. हे काही डिस्टिल्ड वॉटर नव्हे. सुती लडी रिॲक्टिव्ह, म्हणजे धाग्याशी रासायनिक बंध जोडणाऱ्या रंगात रंगवायची तर लिटरमागे ५०-६० ग्रॅम मीठ सहज पडतं, वर सोडा. मिठातलं क्लोराइड आणि सोड्यातलं कार्बोनेट ते रॅडिकल मधल्यामध्ये खाऊन टाकतात. पाणी गडद असलं की ऊनही आत शिरत नाही. टायटॅनियम डायऑक्साइड ही दुसरी नेहमीची पूड, तिला तर अतिनील प्रकाशच हवा, तो उन्हात जेमतेम ४-५ टक्के. आणि जुलै-ऑगस्टात बेळगावात ऊन कुठलं?

पूड परत कशी काढणार, हेही सांगा. झिंक ऑक्साइड आम्लात विरघळतं. ते जस्त वडगाव शिवारातल्या भातात उतरायला नको. लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडवर उत्प्रेरक, म्हणजे ही रंग तोडणारी पूड, बसवून चुंबकाने ओढून घेण्याची वाट मला जास्त पटते.

पुढच्या प्रोजेक्टला बाटलीतला रंग घेऊ नका, डाइंगचं खरं पाणी घ्या. मिळत नसेल तर मेसेज करा, आमच्या गल्लीतल्या रंगाऱ्याकडून दोन कॅन भरून मी आणून देतो.