ठाण्यात बसून बोललं तर काय बिघडलं?

सप्रेम नमस्कार,

आयफोनच्या आयओएस २६ या सिस्टिममधल्या ‘लिक्विड ग्लास’वर, म्हणजे बटणं-मेनू पारदर्शक काचेसारखे दाखवणाऱ्या रूपावर, मी लिहिलं, की रूप पालटत बसण्यापेक्षा फोन आतून सुधारा. त्यावर तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली आणि त्यात हे वाक्य: “ठाण्यात बसून क्युपर्टिनोच्या डिझायनरांना शहाणपण शिकवू नका.” (क्युपर्टिनो म्हणजे ॲपलचं मुख्यालय असलेलं अमेरिकेतलं गाव.) मतभेद असू द्या हो, पण ही भाषा मला झोंबली. एखाद्याचं गाव काढून त्याचा मुद्दा खोडता येत नाही.

आणि ठाण्याचंच म्हणाल तर ऐका. नोकरीला लागण्याआधी मी जांभळी नाक्याजवळ मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर उभा असायचो. ‘आयकॉन जुनाट दिसतात’ म्हणून एकही गिऱ्हाईक आलं नाही. फोन हँग होतो, स्टोरेज फुल दाखवतो, चार्जिंग दुपारपर्यंत पुरत नाही, हीच गाऱ्हाणी. एक रिक्षावाले दादा यायचे. बॅटरी वाचवायच्या नादात फोन त्यांचं भाड्याचं ॲप परस्पर बंद करायचा आणि आलेलं भाडं हातचं जायचं. सेटिंगमध्ये पार आत शिरून त्या ॲपवरचा बॅटरीचा निर्बंध काढावा लागला, तेव्हा कुठे फोन ताळ्यावर आला. बटणं काचेसारखी चकाकली असती तर त्यांचं एक तरी भाडं वाचलं असतं का? सांगा ना.

उलट २०१८ चं आयओएस १२ आठवा. दिसायला जवळपास आधीसारखंच, पण भर होता वेगावर, आणि २०१३ च्या आयफोन ५एस वरही ते चालत होतं. ५एस घेऊन आलेल्यांना मी तेव्हा “नवीन घ्या” म्हणायचो नाही, “अपडेट मारा” म्हणायचो. अँड्रॉइड ६ मधलं ‘डोझ’ घ्या, फोन नुसता पडून असला की मागची कामं थोपवून धरणारं. अँड्रॉइड ८ मधलं ‘प्रोजेक्ट ट्रेबल’ घ्या. हार्डवेअरशी बोलणारा भाग मूळ सिस्टिमपासून वेगळा केला, म्हणून कंपन्यांना अपडेट देणं सोपं झालं. स्क्रीनवर यातलं काही दिसत नाही. मी सुधारणा म्हणतो ती याला.

तुमचा आयओएस ७ चा दाखला एका अर्थी मान्य. २०१३ च्या आयओएस ७ मध्ये नव्या रूपासोबत कंट्रोल सेंटर आलं, काठावरून बोट ओढून मागे जाणं आलं. रूप आणि सोय जोडीनं येऊ शकतात. पण त्याच आयओएस ७ च्या सरकत्या स्क्रीननं काहींना गरगरायला लागलं आणि ७.०.३ मध्ये हालचाल कमी करायची सोय वाढवावी लागली, हे तुम्ही सोयीस्कर गाळलंत. आयओएस २६.१ मध्येही ती काच कमी पारदर्शक करायचा पर्याय द्यावा लागलाच. मग ‘जाणकारांनी सगळा विचार करूनच केलंय’ हे मला कशाला ऐकवता?

बाकी ‘तरुणांना नवं लागतं’, ‘यानं विक्री वाढते’ वगैरे. विक्रीची काळजी कंपन्यांनी करावी. मी फोन वापरणाऱ्याच्या बाजूनं लिहितो आणि तसंच लिहिणार.