कुत्र्याचा केस आणि मिरचीपूड

रात्री जरा जास्त झाली, सकाळी डोकं ठणकायला लागलं, की ग्रुपमधला एखादा जाणकार ग्लास पुढे करतोच. "हेअर ऑफ द डॉग, म्हणजे कुत्र्याचा केस! एक छोटा घे, बरं वाटेल." इंग्रज लेखक जॉन हेवूडच्या 1546च्या म्हणींच्या संग्रहातही हा दारूचाच किस्सा आहे: काल रात्री जो कुत्रा चावला, त्याचाच एक केस द्या.

पण मुळात हा कुत्रं चावल्यावरचा खराखुरा इलाज होता. पहिल्या शतकातल्या रोमन लेखक प्लिनीनं लिहून ठेवलंय, की चावलेल्या कुत्र्याच्या शेपटीचे केस जाळून ती राख जखमेत भरावी. (ते केस उपटायला पुढे कोण जायचं, देव जाणे.)

असला इलाज शतकानुशतकं टिकला कसा? चावणारं प्रत्येक कुत्रं पिसाळलेलं नसतं. असलं तरी प्रत्येक चाव्यातून रेबीज होतोच असं नाही. म्हणजे राख लावलेले बरेचसे लोक तसेही वाचणारच होते, श्रेय मात्र राखेला. जे गेले ते सांगायला आलेच नाहीत. हँगओव्हरचंही तेच. तो आपला आपण उतरतो, सकाळचा पेग फक्त त्रास पुढे ढकलतो.

रोमनांना हसण्याआधी जरा आपल्याकडे बघा. कुत्रं चावलं की अजूनही जखमेवर चुना थापतात, मिरचीपूड भरतात. वर "आमच्या आज्याला काही झालं नव्हतं" हा पुरावा आहेच! रेबीजची लक्षणं कधी आठवड्यांनी, कधी महिन्यांनी दिसतात आणि एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच हाती लागत नाही.

गंमत म्हणजे 1885 साली पाश्चरनं 9 वर्षांच्या जोसेफ मायस्टरला टोचली ती लसही रोगापासूनच बनवलेली. रेबीजनं मेलेल्या सशांचा मज्जारज्जू वाळवून त्यातलं विष दुबळं केलेलं. फरक एवढाच, की पाश्चरनं आधी कुत्र्यांवर प्रयोग करून पाहिले होते. आज्याचा दाखला नव्हता दिला.

तेव्हा कुत्रं चावलं तर आधी नळाखाली साबणानं 15 मिनिटं जखम धुवा. चुना नको, हळद नको. मग थेट दवाखाना, त्याच दिवशी. जखम खोल असेल किंवा रक्त आलं असेल, तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचंही (रेबीजविरुद्धच्या तयार अँटीबॉडीजचं इंजेक्शन) विचारा. आणि पोटातल्या चौदा इंजेक्शनांना घाबरून कुणी घरी बसत असेल, तर त्याला सांगा, ती मेंढीच्या मेंदूपासूनची जुनी लस होती, केव्हाच बंद झाली. आता चार-पाच डोस, तेही दंडात.