‘८डी’ गाणं आठ माइकवर रेकॉर्ड झालेलं नसतं

"हेडफोन लावून ऐका, आठ माइकनी आठ दिशांनी रेकॉर्ड केलंय" असा मेसेज ‘८डी’ गाण्यांसोबत परत फिरतोय. ऐकायला मजा येते हे खरंय, पण तसं काही नसतं. नेहमीचंच स्टिरिओ गाणं सॉफ्टवेअरमध्ये डावी-उजवीकडे फिरवतात, वर थोडा घुमारा टाकतात, फाइलची माहिती उघडून बघा, चॅनल दोनच, एक डाव्या कानासाठी, एक उजव्या. आणि नीट ऐकलंत तर गायक, तबला, पेटी सगळं एकत्रच डोक्याभोवती फिरतं, खरोखर दिशेसकट रेकॉर्ड केलं असतं तर तबला आपल्या जागी राहिला असता ना! त्यासाठी १९७०च्या दशकात मायकेल गर्झन वगैरे ध्वनितज्ज्ञांनी काढलेला साउंडफील्ड माइक आहे, त्यात कॅप्सूल (आवाज टिपणारे भाग) चारच, चार वेगळ्या दिशांना तोंड केलेल्या, आणि त्यातूनच वर-खाली, मागे-पुढे, डावं-उजवं सगळं गणिताने काढतात. गाणं खुशाल पाठवा, फक्त ते आठ माइकचं वाक्य काढून पाठवा प्लीज.