मुक्या माराची गाठ चोळून ‘फोडायची’ नसते

‘पडल्यावर राहिलेली गाठ म्हणजे साचलेलं नासकं रक्त. गरम तेलाने जोर लावून चोळा, गाठ फुटते. वरून हळद-चुना लावा. नाहीतर तिचा कॅन्सर होतो. सोनोग्राफी म्हणजे पैसे उकळायचा धंदा.’ हा मेसेज माझ्या मावशीपर्यंत पोचला. कर्वे रोडला फुटपाथच्या उखडलेल्या ब्लॉकला अडखळून ती पडली होती, मांडीवर लिंबाएवढी गाठ होती. तिने लगेच मालिशवाल्या बाईंना बोलावलं. मावशी रक्त पातळ व्हायची गोळी घेते, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या गावीही नसेल!

आधी चोळण्याचं बघू, कारण सगळ्यात घातक तेच आहे. मुक्या माराने आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, रक्त साकळतं, गाठ धरते. शरीर ते आपणहून शोषून घेतं. काळंनिळं कातडं हिरवट, मग पिवळं होतं ते म्हणूनच. ताज्या मारावर रगडलं की पुन्हा रक्तस्राव होतो, आणि रक्त पातळ असेल तर तो लवकर थांबत नाही. शिवाय मांडीचा किंवा कोपराजवळचा स्नायू जबर दुखावला असताना रगडला, तर स्नायूत चक्क हाड तयार होऊ शकतं. याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. 3-4 आठवड्यांनी ते एक्स-रेत दिसायला लागतं, तोवर गुडघा किंवा कोपर आखडलेलं असतं.

चुन्याने कातडी भाजते, एवढं पुरे.

शेकाचं म्हणाल तर मान्य, कोमट शेकाने बरं वाटतं. पण पहिले 2-3 दिवस नाही. तेव्हा फडक्यात गुंडाळलेला बर्फ. गाठ काही आठवडे राहते, कधी आतली चरबी दुखावून कडक गाठ महिनोन्‌महिने राहते. तीही बहुधा निरुपद्रवीच.

माराने कॅन्सर होतो याला पुरावा नाही. होतं ते उलट: आधीचीच गाठ पडल्यावर हाताला लागते आणि माणूस ‘पडल्याची आहे’ म्हणत बसून राहतो. ब्रिटनमध्ये डॉक्टरांसाठी उपचारांचे नियम सुचवणाऱ्या नाइस या सरकारी संस्थेची 2015 ची मार्गदर्शिका सांगते की मोठ्या माणसाची कारण न समजलेली गाठ वाढत असेल, तर 2 आठवड्यांच्या आत सोनोग्राफीचा विचार करा. मेसेज नेमकी तीच टाळायला सांगतो.

गाठ वाढतेय, 5 सेंटिमीटरहून मोठी आहे किंवा खोल लागतेय, तर डॉक्टरांना दाखवा. ताप आला, पाय ताठरला, बधिर झाला किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असताना सूज वाढली, तर त्याच दिवशी. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.